पटावरचे नाव

४ फेब्रुवारी

इस्पितळाचे कार्ड काढायला आम्ही दोघे गेलो होतो, तो दिवस आज आठवला. एकवीस वर्षे तरी झाली असतील. बाकावर शेजारी शेजारी बसून अर्ज भरत होतो. अक्षर माझे बरे, म्हणून लिहायचे काम माझ्याकडे आणि सांगायचे ह्यांच्याकडे. "जुने आजार?" मी विचारले. "सासुरवाडी," हे म्हणाले. "व्यसने?" "तू." समोरच्या बाईंनी वर्तमानपत्र खाली करून आमच्याकडे पाहिले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी बजावले होते की फॉर्मातली एकही चौकट रिकामी सोडायची नाही, म्हणून मी सगळ्या भरल्या. आईचे माहेरचे नाव, भुवईतला व्रण, धाकट्या भावाचा पत्ता, काहीच नसेल तिथे 'नाही'. हे म्हणाले, "अगं, कार्ड काढतोय आपण, आत्मचरित्र नाही."

आज त्याच इस्पितळाचे पत्र आले, ह्यांच्या नावाने. 'प्रिय रुग्ण' अशी सुरुवात. आमच्या संगणकांत अनधिकृत व्यक्तींनी प्रवेश केला असून आपली वैयक्तिक व वैद्यकीय माहिती त्यांच्या हाती लागल्याची शक्यता नाकारता येत नाही. आपण आपल्या नावावरच्या नोंदी तपासाव्यात. आपल्या नसलेल्या नोंदींवर तीस दिवसांत लेखी हरकत घ्यावी, अन्यथा त्या आपल्याच समजण्यात येतील. पत्रात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या मी पेन्सिलीने दुरुस्त केल्या.

हे जाऊन सहा वर्षे झाली. घरीच गेले, दुपारचे, खुर्चीत बसल्या बसल्या, त्यामुळे इस्पितळाचा संबंध आला नाही. पेन्शनच्या कचेरीला मी कळवले होते. इस्पितळाला कोणी कळवायचे हे ठरलेच नाही, आणि त्या दोन कचेऱ्या एकमेकींशी बोलत नाहीत.

६ फेब्रुवारी

मुलीचा फोन. पत्र तिला दोनदा वाचून दाखवले.

"आई, तू बाबांच्याच कार्डावर आहेस ना? म्हणजे तुझीही माहिती गेली. इस्पितळाच्या ॲपचा पासवर्ड काय ठेवलायस?"

"तुझे लाडाचे नाव आणि जन्मसाल."

"तो चोरांना माझ्याआधी सुचला असेल. आत्ता बदल, मी फोनवर थांबते. आणि फोनवर कोणी आकडे मागितले तर द्यायचे नाहीत. कितीही गोड बोलला तरी."

मी बदलला. मग तिने विचारले, "बाबांच्या नंबरवर इस्पितळाचे काही मेसेज आलेत का?"

बघते म्हणाले. खरे तर डिसेंबरपासून येत आहेत. ह्यांचा फोन मी चालू ठेवला आहे, बँकेला लागतो म्हणून. कपाटावर असतो. 'आपली भेट मंगळवारी साडेदहा वाजता.' 'आपली औषधे तयार आहेत.' असे नऊ मेसेज आहेत. काहीतरी चूक असेल असे वाटले होते. तो फोन वाजला की स्वयंपाकघरातून ऐकू येते. मी एकही पुसलेला नाही.

९ फेब्रुवारी

मुलीने सांगितले तसे ॲप उघडून ह्यांच्या नोंदी पाहिल्या. डिसेंबरपासून पाच भेटी. उजव्या गुडघ्याचा एक्स-रे. वजन एक्याऐंशी किलो. शेवटी शेवटी हे साठावर आले होते. सांधा बदलण्याचा सल्ला दिला आहे. ह्यांचे गुडघे अगदी अखेरपर्यंत चांगले होते, जिने चढताना मीच मागे राहायची.

खाली लिहिले आहे, 'नेहमीची औषधे: पूर्वीच्या यादीप्रमाणे चालू.' यादी मला पाठ आहे. सकाळची पांढरी गोळी, मध्ये रेघ असलेली, हृदयाचे ठोके सावकाश करणारी. ती मी चहाबरोबर देत असे. दर पंधरा दिवसांनी कोणीतरी ती घेऊन जाते आहे.

मुलीला कळवले. ती म्हणाली, "कोणीतरी बाबांच्या नावावर उपचार घेतोय, आई. गुडघ्याचं ऑपरेशन झालं की त्या कार्डावरची वर्षाची खर्चाची सगळी मर्यादा संपेल. एप्रिलमध्ये तुझ्या डोळ्याचं कशावर करणार?"

तिचे बरोबर आहे. डाव्या डोळ्याने आता ओळी जोडलेल्या दिसतात.

१३ फेब्रुवारी

टाचणीकडे गेले. ती आता वकील आहे. शाळेत असताना इतकी बारीक होती की हजेरीच्या वेळी बाकावर आहे की नाही ते दोनदा पाहावे लागे. मी शाळेच्या कचेरीत एकतीस वर्षे होते. तिचा शाळा सोडल्याचा दाखला मीच लिहिला. तिने तो काचेखाली ठेवला आहे.

"बाई, तीन रस्ते आहेत," ती म्हणाली. "एक, इस्पितळाकडे हरकत अर्ज, सोबत साहेबांचा मृत्यूचा दाखला. दोन, सायबर पोलिसांत तक्रार, अज्ञात इसमाविरुद्ध. तीन, माहिती सांभाळली नाही म्हणून इस्पितळाकडून भरपाई. तो लांबचा रस्ता आहे, बरोबर खूप जण असतील. पण पहिला अर्ज नसेल तर पुढचं काही उभंच राहत नाही."

"आणि काहीच केले नाही तर?"

"तर तीस दिवसांनी तो गुडघा साहेबांचा झाला. वर उद्या कोणी विचारलं की बाईंना सगळं ठाऊक होतं, मग कार्ड त्यांनीच वापरायला दिलं का? काय उत्तर देणार?"

मी तिला आमची कचेरीची पद्धत सांगितली. मूल यायचे थांबले म्हणून नाव पटावरून काढायचे नसते. पालकाचा लेखी अर्ज यावा लागतो, त्यात कारण यावे लागते, मगच लाल शाईची रेघ. सातवीतली एक मुलगी चौदा महिने आली नव्हती. मी रोज तिच्यापुढे 'गैरहजर' लिहीत होते. मुख्याध्यापिका म्हणाल्या, बाई, आता काढा तिला. मी म्हटले, अर्ज आलेला नाही.

टाचणीने ऐकून घेतले. मग कोरा अर्ज माझ्यापुढे सरकवला. "इथे पालक तुम्हीच आहात, बाई."

१४ फेब्रुवारी

अर्ज भरायला घेतला. सोपा आहे, अकरा चौकटी. दहा भरल्या. अकरावीत 'खाते बंद करण्याचे कारण' असे आहे. पेनची शाई फिकी उतरत होती. अशा कागदावर फिके अक्षर शोभत नाही. नवी बाटली आणावी लागेल.

१९ फेब्रुवारी

दुपारी ह्यांच्या फोनवर एक फोन आला. गृहस्थाचा आवाज मृदू होता. इस्पितळाच्या सुरक्षा विभागातून बोलतो आहे म्हणाला.

"साहेबांची तब्येत कशी आहे आता?"

मी म्हटले, बरी आहे.

"श्वास लागत होता ना मागे? रात्री आडवं झालं की?"

लागत होता, मी म्हटले, पण उशी उंच केली की बरे वाटायचे. तो म्हणाला, माझ्या वडिलांचंही तसंच होतं. झोपेविषयी विचारले, पायावरच्या सुजेविषयी विचारले. त्याला सगळे माहीत होते. ह्यांच्या तब्येतीची अशी चौकशी कोणी करून किती दिवस झाले. मी खुर्ची ओढून बसले.

मग तो म्हणाला, "आत्ता एक सहा आकडी नंबर आला असेल, तेवढा वाचता का? खातं सुरक्षित करून टाकतो."

नंबर आला होता. मी चष्मा लावला. पहिला आकडा वाचणार तेवढ्यात सवयीने विचारले, "आपला जावक क्रमांक काय?"

"काय क्रमांक?"

"पत्राचा. तुमच्या विभागाने हे कळवले असेल तर जावक क्रमांक असेल. तो सांगा, म्हणजे मला नोंद करता येईल."

त्याने फोन ठेवला. बोलणे अकरा मिनिटांचे झाले असे फोनवर दिसले. संध्याकाळी मुलीला सांगितले तेव्हा ती ओरडली नाही, नुसते विचारले, "तू त्याला बाबा गेलेत हे का नाही सांगितलंस?"

त्याने विचारलेच नव्हते.

२२ फेब्रुवारी

ह्यांच्या फोनवर मेसेज. 'चक्कर येत असल्याच्या तक्रारीसाठी तपासणी पूर्ण. सर्व नेहमीची औषधे चालू ठेवावीत.' ॲपमध्येही नोंद आली आहे. ह्यांना कधी चक्कर येत नसे. गुडघेदुखीने माणूस जेवणखाण टाळतो, त्यानेही होत असेल.

२६ फेब्रुवारी

धाकटे भावजी आले. मुलीने पाठवले असणार. आल्या आल्या म्हणाले, "वहिनी, दादा जिवंत असताना दाढदुखीलासुद्धा डॉक्टरकडे जात नव्हता. आता गेल्यावर गुडघा बदलून घेतोय म्हणजे कमाल आहे." स्वतःच हसले आणि मग चष्मा काढून पुसत बसले.

"द्या तो अर्ज, मी नेऊन देतो."

"सही माझी लागते."

"मग करा की."

"शाई संपली आहे."

त्यांनी खिशातले पेन काढून टेबलावर ठेवले. मी म्हटले, बॉलपेनने लिहिलेले दाखले आम्ही शाळेत परत पाठवत असू. भावजी अर्जाकडे बघत राहिले. दहा चौकटी भरलेल्या होत्या, चांगल्या गडद शाईत.

"बरं," ते म्हणाले. "चहा तरी करा."

दोन कप प्यायले. जाताना दारात चप्पल घालत म्हणाले, "मलाही त्याचा नंबर फोनमधून काढता आलेला नाही, वहिनी." मी म्हटले, माझे तसे काही नाही, बँकेला लागतो.

१ मार्च

रविवार. सकाळी मेसेज. 'आपली गुडघ्याची शस्त्रक्रिया ६ मार्चला. ५ तारखेला दाखल व्हावे. त्या सकाळपर्यंत नेहमीच्या गोळ्या घ्याव्यात.' ॲपमध्ये शनिवारची तपासणी होती. वजन, रक्तदाब, आणि नाडी: चव्वेचाळीस.

मी तो आकडा डाव्या डोळ्याने, मग उजव्याने पाहिला.

ह्यांची गोळी सुरू केली तेव्हा डॉक्टरांनी मला शिकवले होते. आधी मनगट धरायचे, घड्याळ लावून मिनिटभर मोजायचे. पन्नासच्या खाली असेल तर गोळी द्यायची नाही, तडक फोन करायचा. नऊ वर्षे मी रोज मोजली. ती गोळी ह्यांच्या हृदयासाठी होती. धडधाकट हृदयाच्या माणसाने ती घेतली तर काय होईल, हे मला बावीस तारखेलाच कळायला हवे होते. त्याला नको म्हणता येत नसणार. कार्डावर जे आहे ते आपलेच म्हणून सांगावे लागत असणार.

इस्पितळाला फोन लावला.

"चुकीची गोळी दिली जाते आहे," मी म्हटले आणि कार्डाचा क्रमांक सांगितला.

"रुग्णाशी आपलं नातं?"

"पत्नी."

"मग त्यांनाच द्या ना फोन."

मी म्हटले, ते इथे नाहीत. "बाहेर गेलेत का? मग आले की करायला सांगा," मुलगी म्हणाली. हरकतीची खिडकी उद्या नऊला उघडते असेही तिने सांगितले.

फोन ठेवला आणि टेबलाशी बसले. अकरावी चौकट भरली. शाईची बाटली खणातच होती, अर्धी भरलेली.

२ मार्च

नऊला पोहोचले. औषधांच्या खिडकीसमोरून चौथ्या खिडकीकडे जायचे असते. मी तिथे असतानाच भोंग्यातून ह्यांचे नाव पुकारले. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मी सवयीने पिशवी सावरून पुढे झाले. माझ्या आधी एक माणूस बाकावरून उठला होता.

पन्नाशीचा असेल. आडवा बांधा, नखांत यंत्राच्या तेलाचा काळेपणा. उठल्यावर क्षणभर भिंत धरून थांबला. पुडी घेऊन वळला तेव्हा मी समोर होते.

"चक्कर येते का तुम्हाला?"

"येते, मावशी. उठलं की डोळ्यापुढे अंधारी येते. गुडघ्याचं औषध जड पडतंय."

"सकाळची पांढरी गोळी ना, मध्ये रेघ असलेली? ती गुडघ्याची नाही. हृदयाची आहे."

"माझ्या हृदयाला काय झालंय?"

"काही नाही. म्हणूनच सांगते आहे."

त्याने पुडीवरचे नाव पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. खाली बसला. मी शेजारी बसले आणि मनगट मागितले. त्याने दिले. भिंतीवरच्या घड्याळात पाहून मिनिटभर मोजले. शेहेचाळीस. हात गरम होता.

"एजंट म्हणाला, बंद पडलेलं कार्ड आहे," तो खाली बघून म्हणाला. "कोणाचं काही जात नाही. गुडघ्याने दोन वर्षं कामावर उभं राहता येत नव्हतं, मावशी. कार्डावरचा माणूस कसा होता?"

"थट्टेखोर," मी म्हटले.

तो पुडी हातात फिरवत राहिला.

"ही पुडी परत द्या. आत जाऊन डॉक्टरांना खरे सांगा, तुमचे स्वतःचे नाव, स्वतःचे आजार. ते सांगतील तसेच गोळी बंद करा, मनाने नको."

"पकडतील."

"मी आता त्या चौथ्या खिडकीवर जाते आहे. माझे काम झाले की हे कार्ड बंद होईल. माझे अक्षर सावकाश आहे, दहा मिनिटे लागतील."

तो उठला. बाहेरचे दार डावीकडे होते. तो उजवीकडे गेला, डॉक्टरांच्या खोल्यांच्या बाजूला, एक हात भिंतीला लावून.

खिडकीतली मुलगी माझ्या नातीएवढी असेल. अर्ज वाचत गेली. "आजी, अकराव्या रकान्यात खाडाखोड आहे. नवा फॉर्म भरा ना."

खरेच होती. रविवारी रात्री आधी मी 'गैरहजर' लिहिले होते, मग ते खोडून दुसरे लिहिले होते. सगळा अर्ज पुन्हा उतरवला. शेवटच्या चौकटीत लिहिले, मृत्यू. दोनच अक्षरे आहेत. तारीख घातली, सही केली, मृत्यूचा मूळ दाखला दाखवला. तिने तीनदा बटण दाबले, आणि पडद्यावरचे नाव काळ्याचे करडे झाले.

"झालं, आजी. तुमचं वेगळं कार्ड होईल आता. डोळ्याचं ऑपरेशन त्याच्यावर धरते. गुप्त आकडा नवीन घ्या, जन्मतारीख ठेवू नका."

३ मार्च

टाचणीबरोबर सायबर पोलिसांत. तक्रार तिनेच टंकून आणली होती. त्या मृदू आवाजाच्या गृहस्थाचा नंबर दिला, एजंट असल्याचे ऐकले तेही लिहिले. अधिकाऱ्याने विचारले, उपचार घेणाऱ्याला पाहिलेत का?

"मोतीबिंदू आहे," मी म्हटले.

बाहेर आल्यावर टाचणी म्हणाली, "बाई, शाळेत कोणी असं अर्धवट उत्तर दिलं की तुम्ही काय करायचात?"

"पालकांना बोलावत असे."

ती हसली. भरपाईच्या दाव्यात नाव घालू का म्हणाली, आपल्यासारखे चारशे जण आहेत. घाल म्हटले. नुकसानीच्या रकान्यात काय लिहायचे ते मात्र तिच्यावर सोडले आहे. तो रकाना मी पहिल्यांदाच रिकामा सोडला.

५ मार्च

चौथ्या खिडकीतल्या मुलीचा फोन आला. कार्डाचे काम सांगून झाल्यावर हळू आवाजात म्हणाली की सोमवारी एक गृहस्थ स्वतःहून डॉक्टरांकडे गेले, रात्रभर त्यांना यंत्राखाली ठेवले होते, आता नाडी बासष्ट आहे. गुडघ्याची शस्त्रक्रिया रद्द. कामगारांच्या योजनेतून नव्याने अर्ज करणार आहेत, त्याला वर्ष लागेल. पोलिसांनी जबाब घेऊन सोडले.

ह्यांचा फोन दिवसभर वाजला नाही.

७ मार्च

मृत्यूच्या दाखल्याच्या सात साक्षांकित प्रती करून आणल्या. शाळेतल्यासारखी एक जावक वही आखली आहे. कोणाला काय द्यायचे ते इथे लिहून ठेवते, म्हणजे मुलगी येईल तेव्हा तिला शोधत बसावे लागणार नाही.

पहिली प्रत इस्पितळाला दिली आहे. पोच घेतली.

दुसरी सायबर पोलिसांना. तक्रारीचा क्रमांक प्रतीच्या मागे पेन्सिलीने लिहिला आहे.

तिसरी टाचणीला, दाव्यासाठी. भरपाई मिळालीच तर ती मुलीने घ्यावी. मी असेन तर चष्मा करीन.

चौथी फोनच्या कंपनीला. नंबर सोमवारी परत करायचा आहे. बँकेला विचारले, त्यांना तो गेल्या चार वर्षांपासून लागतच नव्हता. रिकामा फोन मुलीला. त्यात बाबांनी काढलेले तिचे फोटो आहेत, आणि नऊच्या जागी आता चौदा मेसेज. ते पुसायचे की नाही ते तिने ठरवावे.

पाचवी प्रत मुलीला. सोबत ह्यांची नकाशे काढायची पेटी, पट्ट्या मोजून घ्याव्यात, बारा आहेत.

सहावी भावजींना. ते नको म्हणतील. तरी द्यावी, आणि त्यांचे बॉलपेन इथेच राहिले आहे तेही द्यावे.

ह्यांची फिरायला जाताना घ्यायची शिसवी काठी चौथ्या खिडकीतल्या मुलीकडे ठेवायला दिली आहे. ज्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया रद्द झाली, ते तपासणीला येतील तेव्हा त्यांना द्यायची. सही घ्यायची नाही, नाव विचारायचे नाही.

सातवी प्रत मला. मिळाली.